एकटीच का जातेस? आनंदीबाई जोशी आणि मागे राहिलेला पती

१/ २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरावे वर्षही पूर्ण न झालेली एक मराठी तरुणी इंग्रजीतून बोलण्यास उभी राहिली. वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ती अमेरिकेस निघाली होती आणि लोक वारंवार विचारत असलेल्या सहा प्रश्नांना तिला उत्तरे द्यायची होती. त्यांतील एक प्रश्न असा: पतीला सोडून एकटीच का जातेस?

२/ ही तरुणी म्हणजे आनंदीबाई जोशी. मूळ बेत खरोखरच दोघांनी जाण्याचा होता. १८७८ मध्ये, टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांनी कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल का आणि आपल्याला तेथे एखादी नोकरी मिळेल का, अशी दुहेरी विचारणा त्यात होती. शिकणार पत्नी आणि तिच्यासोबत जाणार पती! त्या काळात ही कल्पनाच विलक्षण होती. वाइल्डर यांची अपेक्षा मात्र धर्मांतराची होती, आणि ती या दांपत्याला मान्य नव्हती. तरीही छापून आलेला तो पत्रव्यवहार १८८० मध्ये न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. पुढे आनंदीबाई त्यांनाच 'मावशी' म्हणू लागल्या.

३/ सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी आडपडदा ठेवला नाही. दोघांपुरता पैसा नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पतीवर घरच्या माणसांचा भार आहे, असे त्यांनी सांगितले. ७ एप्रिलला कोलकात्याहून जहाज सुटले. ४ जूनला त्या न्यू यॉर्कला पोहोचल्या.

४/ व्हिसाचा प्रश्न तेव्हा नव्हताच. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदी लोकांना दार बंद केले, तेव्हा विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या 'कायदेशीर पत्नींना' सूट दिली. विद्यार्थी पुरुषच असणार, हे कायद्याने गृहीत धरले होते. विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी आजची एफ-२ ही वर्गवारी १९६१ मध्ये आली. या दृष्टीने गोपाळरावांचा १८७८ चा अर्ज कायद्याच्या पुष्कळ पुढे होता.

५/ मात्र गोपाळरावांना केवळ उदारमतवादी ठरवणे सोपे असले तरी अपुरे आहे. शिक्षणासाठी आग्रह धरणारा हाच माणूस लहानग्या पत्नीवर हातही उगारत असे. दूर फिलाडेल्फियात असताना त्यांच्या संशयी, बोचऱ्या पत्रांना उत्तर देताना आनंदीबाईंनी त्या मारहाणीची आठवण करून दिली. कदाचित समुद्र मध्ये होता, म्हणूनच ते लिहिणे शक्य झाले असावे.

६/ अखेर नोकरी सोडून गोपाळराव निघाले आणि १८८५ मध्ये अमेरिकेत दाखल झाले. तेथे व्याख्यानांतून त्यांनी अमेरिकन समाजावरच टीकेची झोड उठवली. आनंदीबाईंच्या हितचिंतकांची त्यामुळे किती पंचाईत झाली असेल! ११ मार्च १८८६ रोजी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या पदवीदान समारंभास ते हजर होते, आणि इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाईही.

७/ परतीचा प्रवास दोघांनी एकत्र केला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियुक्ती हाती होती, पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेस पाठवल्या. पकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या.