पटकीची सांथ आणि पोझेनचे रब्बी

इ. स. १८३१ च्या उन्हाळ्यांत पटकीच्या सांथीनें प्रशियाच्या राज्यांत पाऊल टाकलें. ही व्याधि मूळची गंगेच्या मुखाकडील प्रदेशांतली. १८१७ सालीं बंगालमधील जेसोर येथें तिनें उग्र रूप धारण केलें, आणि तेव्हांपासून व्यापारी तांडे, यात्रेकरू व फौजा यांच्या पावलांबरोबर ती दूरदूर जाऊं लागली. पहिली लाट युरोपच्या उंबरठ्यावरून परतली. दुसरी परतली नाहीं. १८३० सालीं ती आस्त्राखानहून व्होल्गा नदीच्या कांठाकांठानें मॉस्कोस पोंचली. पुढील वर्षीं पोलंडमधील बंड मोडण्यासाठीं निघालेल्या रशियन फौजेनें तिला आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेलें. त्या फौजेचा सेनापति डीबिच हा खुद्द जून महिन्यांत पटकीनें मरण पावला.

प्रशियाच्या सरकारनें आपल्याकडून कसूर केली नाहीं. सरहद्दीवर लष्कर उभें राहिलें, येणाऱ्याजाणाऱ्यांस नाक्यांवर अडकवून ठेवण्यांत आलें, टपालांतील पत्रांना भोंकें पाडून त्यांस धुरी देण्यांत आली. परंतु पाण्यावाटे शिरणारा शत्रु संगिनींना भीत नाहीं. पोझेन शहरीं सरहद्दीच्या फौजेचा मुख्य अधिकारी म्हणून आलेला वयोवृद्ध सेनापति ग्नायझेनाउ ऑगस्ट महिन्यांत तेथेंच पटकीला बळी पडला. त्याचा साहाय्यक, युद्धशास्त्रावरील ग्रंथामुळें पुढें जगप्रसिद्ध झालेला क्लाउझेविट्झ, हा नोव्हेंबरांत ब्रेस्लाउ येथें वारला. आणि त्याच महिन्यांत बर्लिनमध्यें तत्त्ववेत्ता हेगेल याच्या मृत्यूचें कारण डॉक्टरांनीं पटकी हेंच नोंदलें. जेथें सेनापति आणि पंडित वांचले नाहींत, तेथें गरिबांच्या वस्तीची काय कथा!

पोझेन हें आज पोलंडमधील पोझ्नान या नांवानें ओळखलें जातें. त्या काळीं तें प्रशियाच्या ताब्यांत होतें आणि तेथें यहुदी लोकांची मोठी व जुनी वसाहत होती. या लोकांस नागरिकत्वाचे पूर्ण हक्क नव्हते. त्यांची वस्ती दाट होती आणि पुष्कळांचें पोट किरकोळ व्यापारावर व हातकसबावर चालत असे. बाजार बंद पडला कीं त्याच सायंकाळीं चूल बंद पडायची, अशांतले ते लोक. शिवाय त्यांच्या मनांत एक जुनी भीति घर करून होती. चौदाव्या शतकांतील काळ्या महामारीच्या वेळीं, यहुद्यांनीं विहिरींत विष कालविलें असा आळ घेऊन युरोपांतील अनेक शहरांनीं त्यांच्या कत्तली केल्या होत्या. स्ट्रासबुर्ग येथील १३४९ सालची कत्तल इतिहासांत नमूद आहे. तेव्हां सांथ आली म्हणजे या समाजास रोगाचें भय असे, आणि त्याच्या जोडीला शेजाऱ्यांचेंही.

अशा वेळीं पोझेनच्या यहुदी समाजाचे मुख्य धर्मगुरु होते रब्बी अकिवा एगर. त्यांचा जन्म १७६१ सालचा, म्हणजे ते सत्तरीच्या घरांत आलेले होते. १८१५ पासून ते या पीठावर होते. ताल्मूद या धर्मग्रंथावरील त्यांच्या सूक्ष्म टिपणांमुळें त्यांचें नांव युरोपभर आदरानें घेतलें जाई. पण त्यांच्या गांवच्या लोकांस ते ठाऊक होते ते मुख्यतः आजाऱ्यांच्या बिछान्याशीं जाऊन बसणारे वृद्ध गृहस्थ म्हणून.

यहुदी समाजांत धर्मादायाची व्यवस्था फार पुरातन आहे. त्यांच्या भाषेंत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ न्याय या अर्थाच्या शब्दांत आहे. गरिबास देणें ही कृपा नसून त्याचें देणें फेडणें होय, असा त्यांतला भाव. प्राचीन काळापासून त्यांच्या गांवोगांवीं दोन प्रकारचे निधि असत: एक आठवड्याचा, त्यांतून पैसा मिळे, दुसरा रोजचा, त्यांतून शिजलेलें अन्न मिळे. वर्गणी गोळा करावयास किमान दोघे पाहिजेत आणि तिचें वांटप करावयास तिघे, असा त्यांच्या स्मृतिग्रंथाचा दंडक आहे. कारण वसूल करण्यापेक्षां वांटण्यांत अन्यायाचा संभव अधिक! याखेरीज आजाऱ्यांची विचारपूस व शुश्रूषा करणारें एक मंडळ असे, प्रेतसंस्कार करणारें दुसरें असे. मृतास परतफेड करतां येत नाहीं, म्हणून त्याची सेवा ही सर्वांत निर्मळ सेवा, असें ते मानीत. या मंडळांतून श्रीमंतानें नुसती थैली पाठवून भागत नसे. पाळी आली कीं स्वतः रुग्णाच्या उशाशीं बसावें लागे.

म्हणजे मदतीचा गाडा चालू होता. तो नव्यानें उभारावयाचा नव्हता. अडचण निराळीच होती. या समाजाचें सारें पुण्य एकत्र येण्यांत होतें. सार्वजनिक प्रार्थनेस निदान दहा पुरुष लागतात. संकट आलें म्हणजे सर्वांनीं प्रार्थनामंदिरांत जमावें, उपवास करावा, रात्र जागून स्तोत्रें म्हणावीं, ही पूर्वापार चाल. इकडे डॉक्टर सांगत होते कीं, गर्दी टाळा, पोट रिकामें ठेवूं नका, रात्रीच्या गारठ्यांत हिंडूं नका. लोकांनीं कोणाचें ऐकावें? शास्त्राचें कीं डॉक्टरांचें?

अकिवा एगर यांनीं हा प्रश्नच मोडीत काढला. यहुदी धर्मशास्त्राचा एक मूलभूत नियम आहे: मूर्तिपूजा, मनुष्यहत्या व अगम्यगमन हीं तीन पातकें वगळलीं, तर जीव वांचविण्यासाठीं बाकीचे सर्व निर्बंध बाजूला सारावेत. त्या नियमाच्या आधारें त्यांनीं सांगितलें कीं, डॉक्टरांची आज्ञा मोडणारा ईश्वराचा अपराध करतो. कारण जिवास धोका ओढवून घेणें हें निषिद्ध वस्तूच्या सेवनाहूनही मोठें पाप आहे. त्यांच्या तोंडीं हें वाक्य आलें, आणि डॉक्टरांचा सल्ला हाच धर्म झाला.

प्लेशेन गांवचे रब्बी एलिया गुटमाखर हे त्यांचे शिष्य. त्यांनीं या बाबतींत सल्ला विचारला असतां एगर यांनीं धाडलेलें पत्र आजही उपलब्ध आहे, आणि तें वाचतांना धर्मगुरूच्या लेखणीपेक्षां एकाद्या दक्ष कारभाऱ्याची लेखणी दिसते. लहान जागेंत मोठा समुदाय जमूं देऊं नये. सुमारें पंधरा-पंधरा माणसांच्या टोळ्या कराव्यात. पहिली टोळी उजाडतांच प्रार्थनेस बसावी आणि ती उठल्यावर दुसरीनें यावें. कोणीं केव्हां यावयाचें तें अगोदर ठरलेलें असावें. ठरल्याहून अधिक लोक आंत घुसूं नयेत म्हणून दारावर पहारा ठेवावा, आणि जरूर तर पोलिसांची मदत घ्यावी. सकाळीं अनशा पोटीं घराबाहेर पडूं नये, आधीं कांहींतरी ऊन पेय घ्यावें. रात्रीची हवा टाळावी. दुपारीं ऊन असेल तेव्हां शेतांतून फेरफटका करावा. कपडे स्वच्छ ठेवावेत. आणि मनास चिंता व खिन्नता शिवूं देऊं नये.

स्वतःच्या प्रार्थनामंदिराच्या दारांत राजसत्तेचा शिपाई उभा करण्याची सूचना धर्मगुरूनें आपण होऊन करावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या लोकांस शिपाई म्हणजे जुलूम एवढेंच ठाऊक होतें, त्यांना तो आपल्या रक्षणासाठीं उभा आहे असें पटवून देणें अवघड होतें. तें पटलें, याचें कारण सांगणारा माणूस त्यांचा होता, आणि जे हात हे नियम घालून देत होते तेच हात आजाऱ्याची सेवा आणि मृताचा संस्कार करीत होते.

या गोष्टीचें मोल कळण्यास त्याच वर्षीं इतरत्र काय घडलें तें पाहावें. सेंट पीटर्सबर्गच्या सेन्नाया चौकांत जमावानें पटकीच्या रुग्णालयावर हल्ला चढविला आणि डॉक्टरांस ठार केलें. झार निकोलस यास स्वतः तेथें जावें लागलें. प्रशियांतीलच क्योनिग्सबर्ग शहरीं जुलैमध्यें दंगा उसळला व माणसें मेलीं. उत्तर हंगेरींतील शेतकऱ्यांनीं, आपल्या विहिरींत विष टाकलें जात आहे अशा समजुतीनें, जमीनदार, अधिकारी आणि यहुदी यांच्यावर हत्यार उपसलें. या सर्व ठिकाणीं हुकूम आले ते वरून आले. त्यांच्या मागें बंदूक होती, पण विश्वास नव्हता. पोझेनच्या यहुदी वस्तींत हुकूम आणि विश्वास एकाच दारानें आले.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यानें या कार्याबद्दल रब्बी एगर यांस आभाराचा संदेश धाडला. ज्या समाजास पूर्ण नागरिकत्व नव्हतें त्याच्या धर्मगुरूस राजानें असें लिहावें, ही त्या काळीं विशेष मानाची गोष्ट होती. पुढें १८३३ सालच्या कायद्यानें पोझेन प्रांतांतील ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या यहुद्यांस नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. एगर यांचा अंत १८३७ सालीं झाला.

आजच्या ज्ञानाच्या उजेडांत या नियमांची पारख केली, तर त्यांतले सर्वच सारख्या गुणाचे ठरत नाहींत. पटकी पाण्यावाटे पसरते हें लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यानें १८५४ सालीं एका सार्वजनिक पंपाच्या परिसरांतील मृत्यूंवरून दाखवून दिलें, आणि जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्यास तिच्या जंतूंची ओळख पक्की केली. तेव्हां १८३१ सालीं रात्रीच्या हवेला दिलेला दोष व्यर्थ होता आणि गर्दी हटविल्याचा उपयोगही बेताचाच झाला असेल. पण स्वच्छता, ऊन पेय आणि उपाशी न राहणें या गोष्टी मात्र वर्मीं लागणाऱ्या होत्या. पटकीचा रोगी मरतो तो अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. बांगला देशाच्या युद्धाच्या वेळीं, १९७१ सालीं, बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनीं नुसतें मीठ-साखरेचें पाणी पाजून असंख्य रोगी वांचविले, हें सर्वश्रुत आहे.

म्हणूनच याच मालिकेंतला पुढचा प्रसंग अधिक हृदयस्पर्शी वाटतो. १८४८ सालीं पटकी लिथुआनियांतील व्हिल्ना शहरीं शिरली. तेथें यहुदी विद्येचें मोठें केंद्र होतें, आणि रब्बी इझ्राएल सालांटर यांनीं मदतकार्याची धुरा उचलली. त्यांनीं आपल्या शिष्यांस पोथ्या मिटून रुग्णांच्या सेवेस लावलें. शनिवार हा यहुद्यांचा पूर्ण विश्रांतीचा दिवस. तो पाळून तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणूनच कोंकणांतील बेने इस्राएल लोकांस शनवार तेली हें नांव पडलें. त्या दिवशीं चूल पेटविणेंही वर्ज्य; पण रोग्यासाठीं जें काम लागेल तें शनिवारींही निःशंकपणें करा, अशी सालांटर यांची आज्ञा होती.

मग आला योम किपूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आमच्याकडील बेने इस्राएल त्याला दारफाळणीचा सण म्हणत. या दिवशीं सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीं रात्र पडेपर्यंत यहुदी मनुष्य पाण्याचा थेंबही घेत नाहीं. वर्षभर कांहीं न पाळणाराही हा एक उपवास पाळतो. सालांटर यांनीं शहरांत जाहीर केलें कीं, या वर्षीं उपवास करूं नका, प्रार्थना आटोपती घ्या, मोकळ्या हवेंत जा. परंपरा असें सांगते कीं, लोक कचरतात हें पाहून ते स्वतः प्रार्थनामंदिरांत सर्वांसमक्ष उभे राहिले आणि त्यांनीं अन्नाचा घांस तोंडांत घातला. या कथेचे पाठ निरनिराळे आहेत. जाहीर अनुमतीबद्दल मात्र दुमत नाहीं. त्यांच्यावर शहरांतील कांहीं मान्यवरांनीं टीकाही केली. इतक्या सरसकट सवलतीचा अधिकार त्यांस कोणीं दिला, असें त्यांना विचारण्यांत आलें. तें सारें त्यांनीं सोसलें. पैशाचें दान पुष्कळ करतात. स्वतःच्या पुण्याचें दान करणारा विरळा.

हा धडा महाराष्ट्रास परका नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला असतां सोजिरांकरवीं घरें तपासण्याची जी रीत अधिकाऱ्यांनीं अवलंबिली, तिनें लोकांचीं मनें इतकीं दुखावलीं कीं, रोग लपविण्याकडेच प्रवृत्ति झाली. आणि २२ जून रोजीं झालेला रँडचा वध हा त्या क्षोभाचा परिपाक होय. त्याच वर्षीं मुंबईंत निराळें दृश्य दिसलें. ओडेसा येथील यहुदी कुळांत जन्मलेले शास्त्रज्ञ हाफकिन यांनीं १० जानेवारी रोजीं प्लेगची नवी लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. तिसरे आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमोर ती टोंचून घेतली आणि मग खोजा समाजांतील हजारोंनीं दंड पुढें केले. रोग तोच होता. पण पुण्यांत वर्दी पुढें गेली आणि मुंबईंत विश्वासाचा माणूस.

२०२० सालीं कोरोनाच्या महामारींत जगभरचीं प्रार्थनामंदिरें बंद करण्याची वेळ आली, तेव्हां अनेक देशांतील रब्बींनीं आपल्या लोकांस समजावतांना अकिवा एगर यांचें तेंच पत्र पुढें केलें. जवळजवळ १९० वर्षांपूर्वीं पंधरा माणसांच्या टोळ्यांचा हिशेब मांडणाऱ्या त्या वृद्धाचे शब्द, ज्यांस त्याच्या शहराचें नांवही ठाऊक नव्हतें अशा घरांतून वाचले गेले. सांथीच्या दिवसांत अन्न, औषध आणि पैसा हीं तर वांटावींच लागतात. परंतु त्यांच्या आधीं, आपल्या लोकांचा विश्वास ज्यानें मिळविला आहे अशा माणसानें पुढें होऊन, “जगा, हाच आजचा धर्म,” असें सांगावें लागतें. पोझेनमध्यें आणि व्हिल्न्यांत तें सांगणारे निघाले, म्हणून तेथला धर्मादाय सार्थ झाला.