सुरक्षापट्टा आणि तक्रारीचे मोल

ग्वाल्हेरचा मेळा 1905 साली माधवराव शिंदे यांनी सुरू केला, तेव्हा तो मुख्यतः गुराढोरांचा बाजार होता. खरेदीस आलेला शेतकरी बैलाचे दात पाही, खूर पाही, पाठीवरून हात फिरवी, चार पावले चालवून घेई आणि मगच कनवटीला हात घाली. पुढे मेळ्याचे रूप पालटले. आता तेथे मोटारगाड्याही विकल्या जातात, आणि राज्यशासनाने काही वर्षी वाहनकरात निम्मी सूट दिल्यामुळे त्यांच्यासाठी दूरदूरची गिऱ्हाइके लोटतात. हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतील एखादे कुटुंब मेळ्यातून नवी गाडी आणते, दारासमोर तिला हळदकुंकू वाहते, नारळ फोडते. गाडीचा रंग, गाद्या, काचा, संगीताची सोय हे सारे पारखून झालेले असते. आसनाच्या कडेला गुंडाळून बसलेला तीन बोटे रुंदीचा पट्टा मात्र कोणी ओढून पाहिलेला नसतो. ज्याच्यावर प्रसंगी घरातील माणसांचे प्राण टांगलेले असतात, तोच पारखायचा राहून जातो.

ग्वाल्हेरचा मोटारीशी संबंध जुना आहे. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारगाड्यांची एक मोठी कसोटी झाली. सहाशेवीस मैलांचे अंतर आणि वाटेत घाटांमागून घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली जाणारी रोल्स-रॉइस गाडी त्या कसोटीत उतरली, नावाजली गेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. न थांबता, न बिघडता मजल गाठणे हा त्या काळी गाडीचा सर्वांत मोठा गुण मानला जाई. गाडी आदळली तर आतल्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्या कसोटीत कोणी विचारला नव्हता. तो विचारला जाण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

तो प्रश्न मुळात आकाशातून जमिनीवर आला. विमानात वैमानिकाला आसनाशी बांधून ठेवण्याची रीत आधीपासून होती. मोटारीत पट्टे आले तेव्हा ते केवळ कमरेभोवतीचे होते. त्यांनी माणूस गाडीबाहेर फेकला जात नसे, हे खरे. पण धडकेसरशी धड पुढे दुमडे, डोके समोर आदळे आणि पोटातील इंद्रियांना इजा होई. स्वीडनमधील नील्स बोलिन हा अभियंता पूर्वी लढाऊ विमानांतील वैमानिकाला बाहेर उडवणाऱ्या आसनांवर काम करीत असे. 1958 साली तो व्होल्व्हो कंपनीत आला आणि 1959 साली त्याने तीन ठिकाणी बांधलेला पट्टा सिद्ध केला. एक भाग कमरेवरून, एक छातीवरून तिरका, आणि दोहोंची गाठ आसनाच्या बाजूला खाली. एका हाताने सहज अडकवता येईल अशी ही रचना. शरीराचा भार मऊ पोटावर न पडता कमरेच्या व छातीच्या हाडांवर पडावा, हे त्यातील मर्म. कंपनीने त्याचे एकस्व मिळवले, परंतु इतर कारखानदारांना ती रचना मोकळेपणाने वापरू दिली. आज जगातील बहुतेक गाड्यांत दिसतो तो हाच पट्टा.

त्याची गरज समजण्यास थोडे गणित पुरे आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. साठ किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मीटरच्या अंतरात थोपवायचे, तर सुमारे बाराशे किलो भाराइतका जोर लागतो. समोरच्या फळीला दोन्ही हातांनी रेटून किंवा मांडीवरच्या मुलाला घट्ट कवटाळून हा जोर कोणालाही पेलता येणार नाही. मातेची मिठी कितीही घट्ट असली तरी या हिशेबापुढे ती दुबळीच ठरते.

मात्र हा पट्टा लोकांनी आनंदाने स्वीकारला असे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1970 साली तो लावणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी ही सक्ती 1983 साली आली. अमेरिकेत 1974 सालच्या गाड्यांत अशी योजना होती, की पुढच्या आसनांवरील माणसांनी पट्टा अडकवल्यावाचून यंत्र सुरूच होऊ नये. त्याविरुद्ध एवढा गदारोळ उठला, की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तेथील काँग्रेसने ती सक्तीच रद्द केली. आसनावर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी हटून बसते, अशा तऱ्हेची गाऱ्हाणी लोक सांगत. ती खोटी नव्हती. परंतु त्यांच्या भरात एक जीवरक्षक उपाय मागे सरला.

येथे इतिहासाने तक्रारींच्या दोन जाती स्पष्ट करून ठेवल्या आहेत. पट्टा आपल्याला त्रास देतो, ही एक तक्रार. पट्टा आपल्याला धरून ठेवीत नाही, ही दुसरी. पहिली मोठ्या आवाजाची असते, कारण तो त्रास रोजचा असतो. दुसरी हलक्या आवाजाची असते, कारण तो दोष बहुधा अपघातापर्यंत झाकलेला राहतो. आणि अपघातानंतर तक्रार करण्यास माणूस उरेलच असे नाही.

दुसऱ्या जातीच्या तक्रारीचे बळ 1995 साली दिसून आले. जपानच्या ताकाता कंपनीने बनवलेली बकले अनेक कारखानदारांच्या गाड्यांत बसवलेली होती. बकल अडकत नाही, अडकले तर सुटत नाही, किंवा अडकल्यासारखे वाटून आपोआप सुटते, अशा तक्रारी अमेरिकेतील मालकांकडून येऊ लागल्या. एकेक तक्रार पाहिली तर क्षुल्लक. पण सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्यात त्या एकत्र झाल्या आणि चौकशी झाली. बकलावरील दाबायच्या लाल कळीचे प्लॅस्टिक उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे आतल्या खिटीत अडकतात, असे आढळले. 1986 ते 1991 या काळात बनलेल्या ऐंशी लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एवढ्या प्रचंड घटनेचे मूळ, कोणा मालकाने ‘बकल नीट बसत नाही’ असे लिहून कळवण्यात होते. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो आणि गाड्या दिवसभर उन्हात तापत उभ्या असतात, त्या ग्वाल्हेरने तर ही हकिकत ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

भारतात पट्टा उशिरा आला. 1989 च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांत त्याला स्थान मिळाले; पुढच्या आसनांना तो बसवण्याचे बंधन 1994 पासून आणि मागच्या आसनांना 2002 पासून कारखानदारांवर आले. पट्टे बसले, परंतु ते लावण्याची सवय बसली नाही. मागच्या आसनावर तर पट्टा लावणे हे भित्रेपणाचे लक्षण समजले जाई. कित्येक घरांत गादीच्या आच्छादनाखाली बकलेच गडप झालेली असत.

या उपेक्षेची किंमत महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. 3 जून 2014 रोजी केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले असता त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यांचा अंत झाला. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या आसनावर बसले होते. 4 सप्टेंबर 2022 रोजी उदवाड्याहून मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मरण पावले. दोघेही मागे बसलेले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या आसनांवरील दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागड्या आणि नामांकित बनावटीची होती. पण पट्टा धनवानाच्या गाडीत असो की सामान्याच्या, लावल्यावाचून तो कापडाची एक चिंधीच होय. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही पट्ट्याची सक्ती केली.

हे दोन अपघात नामवंतांचे म्हणून लक्षात राहिले. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात पट्टा न लावलेली 16,715 माणसे देशात अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांत 8,384 चालक होते आणि 8,331 प्रवासी. म्हणजे निम्मी माणसे अशी, की गाडी त्यांच्या हाती नव्हतीच. हाती होता तो केवळ पट्टा.

एवढे होऊनही पहिल्या जातीची तक्रार शमलेली नाही. पट्टा न लावल्यास गाडी सूचनेचा आवाज करते. तो बंद पाडण्यासाठी बकलात खुपसायच्या खोट्या पट्ट्या बाजारात आल्या. बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट पेटवण्याचे साधन अशा नावांनीही त्या विकल्या जात. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकण्याचा आदेश दिला आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती हटवल्या गेल्या. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासाठी पैसे मोजणारी एवढी गिऱ्हाइके देशात असावीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

दुसऱ्या जातीच्या तक्रारीला मात्र आता कायद्याचा आधार मिळाला आहे. पूर्वी सदोष गाड्या परत बोलावणे ही कारखानदारांची केवळ स्वेच्छा होती. त्यांच्या संघटनेने 2012 साली त्यासाठी एक आचारसंहिता केली. 2019 च्या मोटारवाहन दुरुस्ती कायद्याने मूळ कायद्यात कलम 110-अ घातले आणि एप्रिल 2021 पासून ते अंमलात आले. पुरेशा संख्येने मालकांनी एखाद्या दोषाची तक्रार केली, तर शासन त्या प्रकारच्या गाड्या परत घेण्याचा आदेश देऊ शकते. मग कारखानदाराने दुरुस्ती करून द्यावी, गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे. त्याच दुरुस्तीने पट्टा न लावणाऱ्यास एक हजार रुपयांचा दंडही ठरवला. एकाच कायद्याचे हे दोन हात आहेत; एक मालकाला कर्तव्य सांगतो, दुसरा त्याला हक्क देतो. लोकांना पहिला ठाऊक असतो, कारण पोलीस तो चौकात सांगतो. दुसरा सांगण्यास कोणी चौकात उभा राहत नाही.

नव्या गाडीतही दोष असू शकतो, याची प्रचिती लवकरच आली. डिसेंबर 2022 मध्ये मारुती सुझुकी कंपनीने 9,125 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या पट्ट्याची खांद्याजवळची उंची कमीजास्त करणाऱ्या भागात दोषाची शक्यता होती. लगेच जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीने ग्रँड विटारा जातीच्या 11,177 गाड्या बोलावल्या. मागच्या पट्ट्याची बैठक कालांतराने सैल होण्याचा संभव होता. कंपनीने आपण होऊन हे जाहीर केले ही बरी गोष्ट होय. परंतु मेळ्यातून हौसेने आणलेल्या गाडीचे तसे पत्र घरी आले, तर ते बिलांच्या गठ्ठ्यात न टाकता त्याच आठवड्यात कार्यशाळेत जाणे, हा त्या इतिहासातील मालकाचा वाटा आहे.

मालकाने शास्त्रज्ञ व्हावे, अशी मात्र कोणाची अपेक्षा नाही. एका अपघातात गाडीतील हवेच्या पिशव्या उघडल्या नाहीत म्हणून एका ग्राहकाने दाद मागितली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 20 एप्रिल 2022 रोजी ह्युंदाई कंपनीविरुद्ध निर्णय देताना न्यायालयाने असा आशय मांडला, की धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडण्याइतके भौतिकशास्त्र ग्राहकाला यावे असे समजणे योग्य नव्हे. संरक्षणाचे साधन म्हणून जे विकले, त्याने वेळेवर संरक्षण द्यावे, ही साधी अपेक्षा कायद्याने मान्य केली.

ती अपेक्षा पुरी होते की नाही, हे पाहण्यास फार विद्या लागत नाही. पट्टा ज्या रिळावर गुंडाळलेला असतो, त्याच्याशी एक लहानसा गोळा किंवा लोलक असतो. गाडी एकाएकी थांबली की तो कलंडतो, खिटी दात्यांत अडकते आणि रीळ जागच्या जागी थिजते. काही रिळे पट्ट्याला हिसका बसताच अडकतात. म्हणून उभ्या गाडीत पट्टा हळू ओढला तर तो सरळ यावा, झटक्याने ओढला तर अडावा, सोडला तर पूर्ण परत जावा. बकलाचा ‘खट्’ आवाज स्पष्ट यावा आणि अडकवल्यावर जोराने ओढले तरी ते सुटू नये. पट्ट्याच्या कडा उसवलेल्या किंवा कुरतडलेल्या नसाव्यात. मोठ्या अपघातात एकदा ताण सोसलेला पट्टा बाहेरून धड दिसला तरी बदलावा. तो शिंप्याकडून शिवून घेणे म्हणजे मृत्यूशी काटकसर करणे होय. दोष आढळला तर विक्रेत्याला तोंडी न सांगता लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि दाद न लागल्यास शासनाकडे तक्रार नोंदवावी. आपली तक्रार एकटी आहे असे वाटते तेव्हाही, दुसऱ्या गावी तीच तक्रार लिहिणारा दुसरा कोणी असतो. त्या दोघांची गाठ सरकारी नोंदवहीतच पडते.

हे सारे करण्यास पाच मिनिटे पुरतात. एकशेवीस वर्षांपूर्वी त्याच मेळ्यात बैल घेणारा शेतकरी त्याहून अधिक वेळ जनावर पारखण्यात घालवीत असे. कारण बैल शेतात अडला, तर वर्षाचे पीक जाई. पट्टा ऐन वेळी सुटला तर काय जाते, हे हरिशंकरपुरमच्या त्या कुटुंबाला सांगावयास नको. नारळ अवश्य फोडावा. पण त्याआधी चारही पट्टे एकदा ओढून पाहावेत.