५२ विरुद्ध ११

स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात मंडळाच्या सहली आणि पाककृतींच्या स्पर्धा असाव्यात. मी लिहिणार आहे एका ठरावाविषयी. हा विषय चारचौघींत बोलण्याचा नव्हे असे ज्या भगिनींना वाटेल, त्यांनी पान उलटले तरी मी रागावणार नाही.

१९५८ साली मी अकरा वर्षांची होते. आमच्या वाड्यातल्या एक काकू दोन दिवस पोटदुखीने तळमळून गेल्या. पदरात पाच मुले होती. सहावे नको म्हणून त्यांनी कुणा बाईकडून औषध आणले होते, हे मला माझ्या लग्नानंतर आईने सांगितले. डॉक्टरला बोलावण्याचे धाडस कुणी केले नाही. १८६० च्या दंडविधानाप्रमाणे आईचा जीव वाचविण्याखेरीज गर्भपात हा गुन्हा होता, आणि तो करून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत असे.

वास्तविक काकूंवर ही वेळ येऊ नये याचा उपाय मुंबईत १९२१ पासून मिळत होता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी त्या वर्षी संततिनियमनाचे केंद्र काढले. ते गणिताचे प्राध्यापक. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत राहिले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले होते ते बाबासाहेब आंबेडकरांनी. हे मासिक आमच्या घरी येत नसे. आले असते तरी ते ओसरीवरच राहिले असते, माजघरात पोचले नसते.

आता तो ठराव. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात, एवढेच मागणे होते. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत्या, तर एकाहून अधिक अपत्याला कुणी तयार झाला नसता, अशा आशयाचा मुद्दा त्यात होता. सभागृहात बहुसंख्य पुरुषच! ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला गेला. सरकार काँग्रेसचे होते, आणि कृत्रिम साधनांना महात्माजींचा विरोध सर्वांना ठाऊक होता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी बोलून आल्या होत्या. पण ते संयमावरच ठाम राहिले. महात्माजींविषयी माझ्या मनात आदर आहे. तथापि संयम पाळायचा की नाही, हे काकूंच्या हाती कधीच नव्हते.

१९५२ मध्ये मात्र सरकारने स्वतःच कुटुंबनियोजन हाती घेतले. कारण बदलले होते. आता चिंता लोकसंख्येची होती. पुढे १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांची समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. काकू चौदा वर्षे आधी गेल्या. या कायद्याने पुष्कळ जीव वाचले असतील. परंतु निर्णय डॉक्टरांच्या मतावर सोपविला होता, आणि साधन निकामी ठरल्याची सबब फक्त विवाहितेलाच होती. ‘स्त्री वा तिचा जोडीदार’ असे शब्द तेथे यायला २०२१ साल उजाडले.

मध्यंतरी आणीबाणी येऊन गेली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. पुरुषांवर सक्ती झाली, आणि १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले. त्यानंतर शस्त्रक्रियेचे ओझे जवळजवळ सर्व स्त्रियांवर आले. त्यामुळे कुठलेही सरकार पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. खिडकीतल्या बाईंनी नवऱ्याची सही मागितली. सज्ञान स्त्रीला कायद्याने फक्त स्वतःची संमती पुरते, असे मी सांगितले. तासभर आम्हाला बाकावर बसवून ठेवले. मग तिच्या एकटीच्या सहीवर कागद पुढे सरकला.