पाण्याचा बीओडी कमी असला, तर ते पिण्यायोग्य असते का?

नदीच्या प्रदूषणाच्या बातमीत ‘बीओडी वाढला’ असे लिहिलेले असते. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा आणि पैनगंगा नद्यांच्या काठच्या कुटुंबांना मग घरच्या पाण्याची काळजी वाटते.

बीओडी म्हणजे काय?
सांडपाणी, मैला, कुजणारा पाला पाण्यात मिसळला की जिवाणू तो खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. या गरजेला ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ म्हणजे बीओडी म्हणतात. सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका बीओडी जास्त. ऑक्सिजन फार कमी झाला तर मासे मरतात.

तो कसा मोजतात?
नमुन्यातील ऑक्सिजन मोजून बंद बाटली २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस अंधारात ठेवतात आणि पुन्हा मोजतात. घटीवरून बीओडी काढतात. सीओडी चाचणीत हेच काम तीव्र रसायनाने काही तासांत होते. जिवाणूंना न पचणारे पदार्थही त्यात मोजले जातात, म्हणून सीओडीचा आकडा सहसा मोठा असतो.

किती असावा?
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी.

कमी बीओडी म्हणजे सुरक्षित पाणी का?
नाही. कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरवायला थोडेसे दूषित पाणीही पुरते. तेवढ्याने बीओडी वाढेलच असे नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जिवाणू तपासणी महत्त्वाची: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात नसावा.

आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी भागातील काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. बीओडी चाचणीत ते दिसत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. दात पिवळे-तपकिरी होणे, सांधे आखडणे ही त्याची लक्षणे असू शकतात. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते.

काय करावे?
• ग्रामपंचायतीकडे जिवाणू आणि फ्लोराइड तपासणीचे अहवाल मागा.
• पावसाळ्यात पाणी गाळून, खळखळ उकळून प्या.
• जुलाब लागताच ओआरएस सुरू करा.
• बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखान्यात न्या.