पेला एक, मापे दोन

अमेरिकेतल्या महाविद्यालयांना दारू नवी नाही. तिथल्या चालकांनी तिला कधी बेशिस्त म्हटले, कधी तरुणपणाचा खेळ म्हणून सोडून दिले. पण एखाद्या मेजवानीनंतर मुलीवर अतिप्रसंग झाला, तर त्या दारूचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा? या प्रश्नालाही एक इतिहास आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली तिकडे शिकायला जातात. त्यांच्या आईवडिलांनी तरी तो ऐकावा असा आहे.

१९५३ साली येल विद्यापीठातल्या रॉबर्ट स्ट्रॉस आणि सेल्डन बेकन यांनी ‘ड्रिंकिंग इन कॉलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. २७ महाविद्यालयांतल्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची ती पाहणी होती. चारांतले जवळजवळ तीन विद्यार्थी थोडीफार तरी घेतात, असे तीत दिसले. पुढे १९५७ साली क्लिफर्ड कर्कपॅट्रिक आणि यूजीन कॅनिन यांनी एका विद्यापीठातल्या २९१ विद्यार्थिनींना वेगळेच विचारले : बरोबर फिरायला येणाऱ्या मुलांनी वर्षभरात तुमच्यावर कधी जबरदस्ती केली काय? निम्म्याहून अधिक मुलींनी, म्हणजे ५५.७ टक्के मुलींनी, या ना त्या प्रकारची नकोशी लगट सांगितली. धाक घालून किंवा इजा करून संभोगाचा प्रयत्न झाल्याचे सांगणाऱ्या ६.२ टक्के होत्या. हे करणारे कोणी अंधारातले गुंड नव्हते. ओळखीचेच होते, चांगल्या घरचे होते.

“पण दारूच्या नशेत माणसाला भान राहत नाही हो!” असे इथे कोणी म्हणेल. १९७० नंतरच्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. काही तरुणांना दारू दिली. काहींना दारू म्हणून नुसते टॉनिकचे पाणी दिले. काहींना उलट, पाणी सांगून दारू पाजली. कामवासनेच्या बाबतीत असे आढळले की, पोटात काय गेले यापेक्षा आपण काय प्यालो अशी समजूत झाली, त्याचाच प्रभाव मोठा. दारूचा शरीरावर परिणाम होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. विवेक मंदावतो, समोरच्याचा नकार नीट कळेनासा होतो. पण “मी प्यालो आहे” या समजुतीतच पुष्कळांना परवानगी सापडते.

आणि ही परवानगी समाज देतो कोणाला? १९८२ साली डेबोरा रिचर्डसन आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी विद्यार्थ्यांना बलात्काराची एक हकीकत वाचायला दिली. हकीकत तीच, फक्त कोणी दारू प्यालेली होती, एवढे बदलत गेले. पुरुष प्यालेला दाखवला तेव्हा वाचणाऱ्यांनी त्याच्याकडे दोष कमी दिला. स्त्री प्यालेली दाखवली तेव्हा तिच्याकडे अधिक. म्हणजे तोच पेला त्याच्या हातात असला तर ती सबब, आणि तिच्या हातात असला तर तो पुरावा! माझ्या मते या सगळ्या संशोधनात याहून बोलका प्रयोग नाही.

नंतरचे नाव मेरी कॉस यांचे. १९८७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ शिक्षणसंस्थांतल्या ६,१५९ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ‘तुमच्यावर बलात्कार झाला का?’ असे त्यांनी विचारलेच नाही. काय घडले, ते एकेका साध्या प्रश्नाने विचारले. चौदाव्या वर्षानंतर बलात्कार किंवा तसा प्रयत्न सोसलेल्या मुली २७.५ टक्के निघाल्या. ज्यांच्यावर बलात्कार झाला होता, त्यांच्यापैकी पोलिसांकडे गेलेल्या अवघ्या ५ टक्के. कोणालाच न बोललेल्या ४२ टक्के. सुमारे ७३ टक्के प्रसंगांत पुरुषाने नशा केलेली होती, ५५ टक्क्यांत मुलीने.

वाद पेटला तो एका प्रश्नावरून. पुरुषाने दारू किंवा अमली पदार्थ दिल्यामुळे, इच्छा नसताना संभोग घडला काय, असा तो प्रश्न होता. बर्कलेचे प्राध्यापक नील गिल्बर्ट यांचा आक्षेप असा : दारू दिली म्हणजे काय? दोन घोट घेऊन सकाळी पस्तावणारीही यात मोजली जाईल! आक्षेपात तथ्य नव्हते असे मला वाटत नाही. प्रश्नाची शब्दयोजना खरोखरच सैल होती. २००७ साली कॉस आणि त्यांच्या मंडळींनी ती सुधारली. ‘मला अडवणे शक्य नाही इतकी मी धुंद असताना त्याने फायदा घेतला’, असे आता विचारले जाते. नुसत्या शब्दांची ही दुरुस्ती नव्हती. पेला कोणी भरला, हा मुद्दा बाजूला पडला आणि तिच्या असहायतेचा उपयोग कोणी केला, हे विचारणे सुरू झाले.

तरी न्यायालयात जुने माप लगेच मोडीत निघाले नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, मेजवानीनंतर बेशुद्ध पडलेल्या एका तरुणीवर अत्याचार करताना एक विद्यार्थी सापडला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पकडून ठेवले. २०१६ साली ज्यूरीने त्याला तिन्ही आरोपांत दोषी ठरवले. सरकार पक्षाने सहा वर्षांची मागणी केली. न्यायाधीशांनी सहा महिने दिले, त्यातले त्याने तीनच भोगले. दारूच्या वातावरणाविषयी आपण इतर विद्यार्थ्यांना सावध करू, असे त्याने न्यायालयाला सांगितले होते. ती तरुणी म्हणजे चॅनेल मिलर. आपले नाव तिने पुढे २०१९ साली जाहीर केले. न्यायालयातल्या निवेदनात तिने त्याच्या या बोलण्याला उत्तर दिले. दारू तर आम्ही दोघांनीही घेतली होती, असा तिचा रोख होता. मग फरक कशाचा?

त्याच ऑगस्टमध्ये विद्यापीठाने पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांत कडक दारूला बंदी केली. स्त्रियांनी दारू पिण्याचे धोके सांगणारे एक पानही त्यांच्या संकेतस्थळावर होते. टीका होताच ते काढून घेण्यात आले. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात नवा कायदा झाला : बेशुद्ध किंवा प्रतिकार करू न शकणाऱ्या व्यक्तीवर असा अत्याचार केल्यास आता प्रोबेशनवर सुटका नाही. आणि जून २०१८ मध्ये त्या परगण्याच्या मतदारांनी त्या न्यायाधीशांना मतदान करून पदावरून दूर केले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे प्रथमच घडले.