ट्रामपासून सिटीलिंकपर्यंत

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी लिहितोय तो आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाहतुकीबद्दल.

नाशिकची अडचण मुळातलीच. रेल्वे आली, पण स्टेशन झालं गावापासून लांब, नाशिकरोडला. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेनरोडपासून स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली. आधी घोड्यांची, नंतर इंजिनाची. तिच्या उभारणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा मोठा वाटा होता. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच. पुढे तोटा वाढत गेला आणि १९३० नंतर काही वर्षांतच ट्राम बंद पडली. आज नव्या पिढीला नाशिकमध्ये ट्राम होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. नाशिकची शहर बसही पुढे अनेक वर्षं एसटीनेच चालवली. १९८२ मध्ये महापालिका झाली. सातपूर, अंबडचे कारखाने, सिडकोच्या वसाहती यांनी शहर चहूबाजूंनी पसरलं. निमाणी, सीबीएस, शालिमार इथून सुटणाऱ्या गाड्यांवर कामगार, विद्यार्थी, भाजीवाल्या मावशी सगळेच अवलंबून होते. पण शहरातल्या फेऱ्या एसटीला परवडेनात. फेऱ्या कमी झाल्या, तसे लोक रिक्षाकडे आणि दुचाकीकडे वळले. प्रवासी घटले म्हणून आणखी फेऱ्या कमी!

अखेर महापालिकेनेच जबाबदारी घेतली आणि ८ जुलै २०२१ ला 'सिटीलिंक' सुरू झाली. यात गाड्या ठेकेदारांच्या. त्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटाचे पैसे महापालिकेकडे जमा होतात आणि तूटही तीच भरते, म्हणजे शेवटी घरपट्टी भरणारे आपणच. चालक-वाहकांचे पगार थकल्यामुळे बस बंद राहिल्याचे दिवसही आपण पाहिलेत.

यावर "तोट्यातली बस हवीच कशाला?" असं काहीजण म्हणतात. मला मात्र आपली लिफ्ट आठवते. तिला उत्पन्न किती? शून्य. तरी वीजबिल आणि देखभाल आपण सगळे मिळून भरतोच ना? तळमजल्यावाल्यांनी का भरायचं, हा वाद वार्षिक सभेत दरवर्षी रंगतो, पण लिफ्ट बंद करा असं कोणी म्हणत नाही. कारण चौथ्या मजल्यावरच्या आजींना खाली यायचं असतं. बसचंही तसंच आहे. आपल्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या ताई, कॉलेजची मुलं, गाडी न चालवणारे ज्येष्ठ, यांची लिफ्ट म्हणजे सिटी बस.

ट्राम गेली तेव्हा शहर लहान होतं, टांग्यावर भागलं. आता भागणार नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातून गाडीची किल्ली सुटेल. तेव्हा थांब्यावर बस यायला हवी असेल, तर आतापासूनच अधूनमधून तिच्यात बसायला हवं.