पाचशे अडतीस

निकाल सगळ्यांना माहीत आहे. १४ मार्च २०२४ रोजी वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवलं आणि रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा नेला. घड्याळ मागे फिरवून त्यात फरक पडायचा नाही. तरी फिरवतो.

रविवार, १० मार्च. सकाळी ९:००

नाणेफेक. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर जिंकतो आणि मुंबईला फलंदाजी देतो.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या टपरीवर आम्ही पाच जण एका मोबाइलवर वाकलेलो. पहिला प्रश्न लगेच येतो. "फायनलमध्ये जिंकून बॉलिंग कायले घेतली बे?"

खेळपट्टीवर गवत होतं. उमेश यादव, यश ठाकूर आणि आदित्य ठाकरे असे तीन वेगवान गोलंदाज हाताशी होते. निर्णय मला तेव्हा बरोबर वाटला, आजही वाटतो. टपरीवर मात्र पुढचे पाच दिवस, काही बिनसलं की बोट याच मिनिटाकडे जायचं.

वाडकरबद्दल इथेच सांगून टाकतो. यष्टिरक्षण तोच करतो, क्षेत्ररचना तोच लावतो, आणि वरची फळी कोसळली की पॅड बांधून तोच उतरतो. इंदूरमध्ये दिल्लीविरुद्ध विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यात त्याच्या १३३ धावा होत्या. पुढच्याच हंगामात नागपूरला सौराष्ट्राला हरवून दुसरा करंडक आला. दोन अंतिम सामने, दोन करंडक. अंतिम सामना हरायचा कसा हे विदर्भाला ठाऊकच नव्हतं, आणि आम्हाला तर त्याहून नाही. संघ एका माणसावर इतका टेकू नये, असं माझं मत. टपरीवर ते कुणाला पटत नाही.

सकाळी ९:३०

पहिला चेंडू. पृथ्वी शॉ आणि भूपेन लालवानी बिनबाद ८१ पर्यंत जातात. टपरीवर चहाची दुसरी फेरी होते. बोलणं कमी होतं.

मग तीस धावांत सहा बळी. रहाणे ७, श्रेयस अय्यर ७. मुंबई ६ बाद १११.

कोळशाच्या या पट्ट्यात उमेश यादवला बळी मिळाला की ओरडण्याचा सूर जरा वेगळा लागतो. त्याचे वडील वेकोलिच्या खाणीत कामगार होते. दुर्गापूर, बल्लारपूर, पडोलीकडच्या घरांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुपारी

शार्दुल ठाकूर आठव्या क्रमांकावर येतो. ३७ चेंडूंत अर्धशतक, ६९ चेंडूंत ७५. मुंबई सर्वबाद २२४.

सामन्याचं मूळ इथे आहे. १११ वर सहा गेलेला संघ दीडशेत गुंडाळला असता, तर पुढचे चार दिवस वेगळे गेले असते. शेवटच्या चार गड्यांनी ११३ धावा जोडल्या. टपरीवर कुणी म्हणालं, "२२४ म्हणजे काहीच नाही." मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

दुपारी ४:३०

दिवसाचा खेळ संपतो. विदर्भ ३ बाद ३१. ध्रुव शौरी शून्य, अमन मोखाडे आठ, करुण नायर शून्य.

सोमवार, ११ मार्च

या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विदर्भ सर्वबाद १०५. सर्वाधिक धावा यश राठोडच्या, २७. धवल कुलकर्णी, शम्स मुलानी आणि तनुष कोटियन यांना तीन-तीन बळी, त्यात कोटियनचे ७ धावांत ३. वाडकर ५.

मुंबईची आघाडी ११९. रणजीचा नियम असा, की पाच दिवसांत निकाल लागला नाही तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो. म्हणजे इथून पुढे विदर्भाला सामना वाचवण्याचा रस्ताच उरला नाही. अनिर्णित म्हणजेही हार. पाऊस आला तरी हार.

हा हिशेब टपरीवर कुणी मोठ्याने केला नाही.

दुपारी ४:३०

मुंबई २ बाद १४१. रहाणे नाबाद ५८, मुशीर खान नाबाद ५१. एकूण आघाडी २६०.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी

मुशीर १३६, ३२६ चेंडूंत. वय १९. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज. हा मान त्याआधी सचिन तेंडुलकरकडे होता, आणि त्या दिवशी सचिन मैदानातच बसलेला. श्रेयस अय्यर ९५, रहाणे ७३, मुलानी नाबाद ५०. मुंबई सर्वबाद ४१८.

हर्ष दुबे या २१ वर्षांच्या डावखुऱ्या फिरकीपटूने १४४ धावांत ५ बळी घेतले. टपरीवर दिवसभरात टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

लक्ष्य ५३८.

हा आकडा किती मोठा? जेमतेम महिन्याभरापूर्वी रेल्वेने त्रिपुराविरुद्ध ३७८ गाठले होते, तोच रणजीतला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. कुठल्याही देशातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधला विक्रम ५३६ चा, २०१० च्या दुलीप करंडकात पश्चिम विभागाने केलेला. विदर्भाला जगाचा विक्रम मोडायचा होता. दोन धावांनी.

संध्याकाळ

माझा एक शाळासोबती गडचिरोलीत, एटापल्लीच्या बाजूला वनरक्षक आहे. मार्च म्हणजे त्याच्यासाठी वणव्याचे दिवस. मोहफुलं गळायला लागतात, फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि वारा असला तर ती आग झाडाखाली थांबत नाही. दिवसभर तो जंगलात असतो. नेटवर्क एका टेकाडावर मिळतं. तिथे चढला की फोन करतो.

महाशिवरात्रीला, ८ तारखेला, तो मार्कंड्याच्या जत्रेला जाऊन आला होता. वैनगंगेत आंघोळ करून विदर्भासाठी काही मागितलं का, ते त्याने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "किती राह्यले?"

दोन षटकं झाली होती. बिनबाद १०.

"पाचशे अठ्ठावीस."

तो हसला नाही. "दोन दिवस आहेत ना बे," म्हणाला.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ९:३०

अथर्व तायडे आणि शौरी सलामीची भागीदारी ६४ पर्यंत नेतात. त्याच ६४ वर दोघेही जातात. तायडे ३२, शौरी २८.

मोखाडे ३२. राठोड ७. विदर्भ ४ बाद १३३.

आता वाडकर येतो. समोर करुण नायर, कर्नाटक सोडून त्या हंगामात विदर्भाकडे आलेला.

दुपार

टपरीवर दोनच जण उरलेले. ऊन चढलेलं. चंद्रपुरात मार्चमध्येच दुपारी एकनंतर रस्ता रिकामा होतो.

नायर आणि वाडकर ९० धावा जोडतात. एकही चेंडू घाईने नाही. नायर २२० चेंडू खेळतो, ७४ करतो. दिवस संपत आलेला असताना मुशीर खान त्याला यष्टिरक्षकाकडे झेल द्यायला लावतो. ५ बाद २२३.

तो शेवटचा तास तेवढा निघाला असता तर? हा प्रश्न मी आजही काढतो आणि आजही अर्ध्यावर सोडतो.

दुपारी ४:३०

विदर्भ ५ बाद २४८. वाडकर नाबाद ५६, हर्ष दुबे नाबाद ११.

"किती राह्यले?"

"दोनशे नव्वद."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "अर्ध्याच्या वर तर झाले."

झाले नव्हते. ५३८ चे अर्धे २६९. मी दुरुस्त केलं नाही. उपांत्य फेरीत आपल्याच नागपुरात मध्य प्रदेश शेवटच्या दिवशी ६ बाद २२८ वरून सुरू झालं होतं, ९३ हव्या होत्या, आणि २५८ वर सगळे संपले होते. ६२ धावांनी आपण जिंकलो. शेवटच्या दिवशी खालच्या फळीचं काय होतं, ते आम्ही आठवडाभरापूर्वीच पाहिलं होतं. फक्त बाजू उलटी होती, म्हणून आठवलं नाही.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी ९:३०

हव्यात २९०. हातात पाच गडी.

टपरी पुन्हा भरलेली. कामावर जाणारे दोन मिनिटं थांबतात, स्कोअर विचारतात आणि जात नाहीत.

सकाळी १०:३० च्या सुमारास

गडी पडत नाही. दुबे हा गोलंदाज, पण आज तो पुढचा पाय टाकून चेंडू मारतो आहे. वाडकर पायावरचा चेंडू सोडत नाही. मुलानी टाकतो, कोटियन टाकतो, वेगवान गोलंदाज बदलून येतात. कॅमेरा रहाणेवर जातो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

टपरीवाल्याने रेडिओ बंद केला आहे.

सकाळी ११:३०

उपाहार. विदर्भ ५ बाद ३३३.

संपूर्ण सत्रात एकही बळी नाही. दोन तासांत ८५ धावा. हव्यात २०५, आणि खेळायला जवळजवळ दोन सत्रं.

या चाळीस मिनिटांबद्दल लिहायला हवं, कारण सामन्याच्या पाच दिवसांत विदर्भ जिंकेल असं खरोखर वाटलं ते याच वेळात. टपरीवर कुणीतरी पेनाने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडतो. षटकामागे किती, चहापर्यंत किती, चहानंतर किती. दुसरा म्हणतो, दुबे गेला तर सरवटे आहे, यश ठाकूर आहे, उमेश दोन सिक्स मारू शकतो. तिसरा ५३६ च्या विक्रमाची गोष्ट पुन्हा सांगतो. मी वाडकरबद्दलचं माझं मत त्या दिवशी काढलं नाही. एका माणसावर टेकू नये वगैरे.

सकाळी मोह वेचून, भाकर खाऊन माझा सोबती टेकाडावर चढला होता.

"किती राह्यले?"

"दोनशे पाच. पाच गडी आहेत. वाडकर आहे."

"आहे ना तो? मग होते." त्याला जाळरेषेवर जायचं होतं. पलीकडच्या बीटात धूर दिसत होता. "आता संध्याकाळीच सांगजो," म्हणाला आणि उतरला.

दुपारी १२:१०

खेळ सुरू.

वाडकरचं शतक. टपरीवर टाळ्या. त्याने बॅट उचलली, तीही थोडीशीच. अजून दोनशेच्या आसपास बाकी आहेत हे त्याला माहीत असावं.

उपाहारानंतरची विसावी धाव

३५३. कोटियनचा चेंडू. वाडकरच्या पॅडवर. अपील. बोट वर. १०२.

सहाव्या गड्यासाठी १३० धावांची भागीदारी संपली. हव्यात १८५.

टपरीवर कुणी काही बोललं नाही. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरचा हिशेब तसाच. पेन त्यावर ठेवलेलं.

त्यानंतर

हर्ष दुबे ६५, तुषार देशपांडेच्या चेंडूवर. मग एकामागून एक. शेवटचे पाच गडी १५ धावांत. चेंडू किती लागले ते मोजायला कुणी बसलं नाही.

शेवटी उमेश यादव. रहाणेने चेंडू धवल कुलकर्णीकडे दिला. कुलकर्णीचा हा शेवटचा सामना होता. चेंडू आत आला, यष्ट्या पडल्या.

विदर्भ सर्वबाद ३६८. चहापानाला अजून बराच वेळ होता.

वानखेडेवर मुंबईचे खेळाडू धावत होते. आठ वर्षांनी करंडक परत आला होता त्यांच्याकडे. टपरीवाल्याने रेडिओ लावला. कामाला जायचे होते ते कामाला गेले. कुणीतरी म्हणालं, "पहिल्याच दिवशी बॅटिंग घ्यायले पायजे होती." त्यावर कुणी वाद घातला नाही.

दुपारी ४:३०

खेळ चालू असता तर ही दिवस संपण्याची वेळ. मी घरी.

संध्याकाळी ५:४०

फोन वाजला. आवाजामागे वारा, आणि धाप. टेकाड चढून आला होता. आग विझली होती. दोन हेक्टरच्या आसपास पाचोळा गेला, झाडं वाचली, असं त्याने आधी सांगितलं. स्कोअर अजून उघडला नव्हता. पहिला फोन मलाच.

"बोल बे," तो म्हणाला. "किती राह्यले?"